बातमी होती, पण कुणाच्या टेबलावर?

वाचकांचे प्रश्न
उत्तरं देणारे: मुंबई पोलिसांच्या विशेष शाखेतून निवृत्त झालेले एक अधिकारी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की एखाद्या पुढाऱ्याची हत्या झाली की गुप्तवार्तेच्या माणसानं आधी आपलीच कपाटं उघडावीत. त्यावर आलेली बरीच पत्रं १९४८ बद्दलची आहेत. त्यातली काही घेतो.

काका, मी रुईया कॉलेजात इतिहास शिकते. आमच्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना गांधीहत्येचा कट आधी कळला होता, असं वाचलं. हे खरं आहे का? मग त्यांचं कुणी ऐकलं का नाही?
– एक विद्यार्थिनी, माटुंगा

खरं आहे. डॉ. जगदीशचंद्र जैन हे त्यांचं नाव. तुझ्या कॉलेजात ते अर्धमागधी आणि हिंदी शिकवायचे, राहायला शिवाजी पार्कला होते. फाळणीनंतर पंजाबातून आलेला मदनलाल पाहवा हा तरुण त्यांच्याकडे काम मागत आला, तेव्हा त्यांनी त्याला आपली पुस्तकं विकायला दिली. जानेवारी १९४८ मध्ये याच मदनलालनं त्यांच्यापाशी गांधीजींना मारायच्या बेताची गोष्ट काढली. नगरच्या विष्णू करकरेचं नावही त्याच्या बोलण्यात होतं. जैनांना आधी ही पोराची बढाई वाटली. २० जानेवारीला दिल्लीत, गांधीजी राहत होते त्या बिर्ला भवनात स्फोट झाला, मदनलाल जागेवरच पकडला गेला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव वाचून जैन थेट सचिवालयात गेले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई या दोघांच्या कानांवर त्यांनी सगळं घातलं.

तेव्हा कुणी ऐकलंच नाही, असं म्हणता येणार नाही. मोरारजी त्याच रात्री अहमदाबादला निघाले होते. त्यांनी विशेष शाखेचे उपायुक्त जमशेद नगरवाला यांना बॉम्बे सेंट्रल स्टेशनवर बोलावून घेतलं. करकरेला पकडा, सावरकरांच्या घरावर पाळत ठेवा, असं सांगितलं. दिवसा आलेली बातमी रात्री अंमलबजावणीच्या माणसाकडे पोचली होती. आजही इतक्या वेगानं कागद हलत नाही.

घोटाळा पुढे झाला. माझं नाव कुणाला कळू देऊ नका, अशी जैनांची विनंती होती. मोरारजींनी ती पाळली आणि नगरवालांनाही नाव सांगितलं नाही. बातमी देणाऱ्याचं नाव जपायलाच हवं, माझ्या सगळ्या नोकरीत मी ते जिवापाड जपलं. पण तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापासूनच ते लपवलं, तर तो पुढचे प्रश्न विचारणार कुणाला? बातमी देणारा त्याला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगून जातो. मदनलालबरोबर आणखी कोण यायचं, ते मराठी बोलायचे की हिंदी, पुण्याचा विषय कधी निघाला होता का, हे शेजारी बसून, तीन-तीनदा विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. बाळ, जैन सरांनी आपलं काम चोख केलं होतं. त्यांच्यासमोर योग्य माणूस बसवला गेला नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

स्फोट करणारा हाती लागला, तो बोललाही. मग दहा दिवसांत नथुरामपर्यंत का पोचता आलं नाही? आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात, पोलिसांनी मुद्दाम डोळेझाक केली.
– निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

कुणाच्या मनात काय होतं, ते मी सांगणार नाही. कागद काय सांगतात ते सांगतो, आणि ते पुरेसं दुःखद आहे.

मदनलालच्या बोलण्यात पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा संपादक आला होता. ‘अग्रणी’, म्हणजेच पुढचं ‘हिंदू राष्ट्र’, हे पत्र काही अज्ञात नव्हतं. संपादक नथुराम विनायक गोडसे, व्यवस्थापक नारायण आपटे. या पत्रावर सरकारनं आधी कारवाईही केली होती, तेव्हा मुंबई सरकारच्या दप्तरात ही नावं होतीच. तिकडे दिल्लीच्या मरीना हॉटेलात ४० नंबरच्या खोलीत दोघंजण ‘देशपांडे’ नावानं उतरून गेले होते. त्यांचे मागे राहिलेले कपडे पोलिसांना मिळाले, त्यांवर ‘एन. व्ही. जी.’ ही अक्षरं होती. म्हणजे अक्षरं दिल्लीत, नाव मुंबईत आणि चेहरा ओळखणारे पोलीस पुण्यात. ही तीन टोकं जोडायला एक ट्रंककॉल पुरला असता.

दिल्लीहून दोन अधिकारी विमानानं मुंबईला आलेही. गावात फिरू नका, तुम्ही दिसलात तर काम बिघडेल, असं त्यांना सांगण्यात आलं आणि दोन-तीन दिवसांत ते परत गेले. त्यांनी संपादकाचा उल्लेख नगरवालांजवळ केला होता की नाही, यावर पुढे दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं. मला या वादात एवढंच दिसतं की काय दिलं आणि काय घेतलं, याची दोन्हीकडे सही झालेली पोच नव्हती. पोच नसली की पुढे फक्त वाद उरतो.

आणि मग पुण्याच्या सी.आय.डी.चे उपमहानिरीक्षक यू. एच. राणा. ते त्या दिवसांत दिल्लीतच होते. २५ तारखेला मदनलालचा सविस्तर जबाब त्यांच्या हाती आला. तो घेऊन ते आगगाडीनं, अलाहाबादमार्गे निघाले आणि २७ ला मुंबईत पोचले. त्याच २७ ला गोडसे आणि आपटे खोट्या नावांनी विमानात बसून मुंबईहून दिल्लीला गेले. जबाब मुंबईत येत होता आणि ज्यांच्याबद्दलचा तो जबाब, ते मुंबई सोडत होते. त्याआधी ते होते कुठे? कार्नाक रोडवरच्या एल्फिन्स्टन ॲनेक्स हॉटेलात. आजचा लोकमान्य टिळक मार्ग. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयातून पायी निघालात तरी दम लागायच्या आत पोचाल. मी त्या रस्त्यानं वर्षानुवर्षं जेवणाच्या सुट्टीत चाललो आहे आणि दर वेळी हा विचार मनात यायचाच.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गांधीजींना पळवून न्यायचा बेत आहे, असं नगरवालांच्या मनानं घेतलं होतं. या कटाची पुढे चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगानं १९६९ च्या अहवालात या समजुतीवर कडक टीका केली. एकदा वरच्या साहेबाचा अंदाज ठरला की खालून येणारे अहवालही त्याच अंदाजाला पूरक यायला लागतात. हवालदाराला साहेबाचा कल कळतो. गुप्तवार्तेत याच्याइतकी घातक गोष्ट मी पाहिली नाही.

नगरवालांबद्दल एक सांगायलाच हवं. हत्येनंतर तपास त्यांच्याचकडे आला आणि त्यांनी तो धडाक्यानं केला. ३१ जानेवारीला पुण्यात शस्त्रभांडार चालवणारा दिगंबर बडगे सापडला, ५ फेब्रुवारीला नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे, १४ फेब्रुवारीला आपटे आणि करकरे मुंबईतच, अपोलो हॉटेलात. तीच शाखा, तीच माणसं. लाल किल्ल्यातल्या खटल्याच्या निकालात न्यायाधीश आत्माचरण यांनी २० ते ३० जानेवारीमधल्या पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवलं, ते यामुळेच जास्त टोचतं. जमत नव्हतं असं नाही. तीस तारखेनंतर सगळे एकमेकांना फोन करायला लागले, वीस तारखेनंतर केला नाही.

प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेतली असती तर?
– वाचक, ठाणे

पोलिसांना घ्यायची होती, गांधीजींनी साफ नकार दिला. म्हणून तर साध्या वेशातले, चेहरा ओळखणारे पुण्याचे पोलीस तिथं उभे असायला हवे होते. झडती नको म्हणणाऱ्या माणसाचं रक्षण करायचा तोच एक मार्ग उरतो.

माझे वडील लालबागला मिलमध्ये होते. एखाद्या पुढाऱ्याचा खून झाला की साध्या वेशातले पोलीस आमच्या चाळीखाली येऊन चहा पीत बसायचे. ते नेमकं काय करायचे?
– वाचक, परळ

त्यांच्यापैकी एखादा मी असेन. पोलीस ठाण्यात आमच्या कामाला ‘मिल स्पेशल’ म्हणत. गिरण्या गेल्या, नाव राहिलं. गुन्हा शोधणं आमच्याकडे नसे, ते क्राइम ब्रँचचं. रात्री काय पेटणार आहे, ते आम्ही शोधायचो.

१६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉ. दत्ता सामंतांना गोळ्या घातल्या. १९८२ चा संप ज्यांनी पोटावर झेलला, त्या घरांमध्ये ती बातमी कशी उतरली असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. आम्हाला पहिला हुकूम आला तो ऐकण्याचा. लोक कुणाचं नाव घेताहेत? मालकाचं, एखाद्या टोळीचं, दुसऱ्या युनियनचं? ज्याचं नाव तोंडोतोंडी झालं, त्याच्या घराला आणि ऑफिसला संध्याकाळपर्यंत बंदोबस्त लागतो, मग त्याचा खुनाशी संबंध असो वा नसो. कुठल्या नाक्यावर टायर गोळा होताहेत, बस डेपोत काय वातावरण आहे, अंत्ययात्रा कुठून नेणार, बाहेरगावाहून कोण येतंय. अफवा असेल तर तिची वेळ लिहायची आणि कुणाकडून कुणाला कळली तेही. एकच अफवा दोन वस्त्यांत एकाच वेळी उठली, तर ती कुणीतरी सोडलेली असते. आणि खरं सांगू का, चहाच्या टपरीपेक्षा नळावर जास्त कळायचं. पोरांना आज घराबाहेर सोडायचं नाही, हे बायकांनी ठरवलेलं असलं की आम्ही लगेच वर कळवत असू.

हे काम हलकं समजू नका. १९४८ मध्ये आकाशवाणीनं मारेकरी हिंदू असल्याचं आवर्जून सांगितलं, त्यानं हिंदू-मुसलमान दंगल टळली. पण मारेकऱ्याची जात कळताच महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळायला लागली. शिवाजी पार्कला सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव यांना जमावानं दगडांनी ठेचलं. ते गंभीर जखमी झाले आणि पुढच्या वर्षी वारले. सावरकरांच्या घरावर तर आधीपासून पाळत होती. आतला माणूस कुठं जातो हे बघायला पोलीस होते, पण बाहेरून कोण येईल याचा विचार पुरेसा झाला नाही, असं माझं मत आहे. संशयिताच्या घरच्यांचं रक्षण हीसुद्धा पोलिसांचीच जबाबदारी आहे, हे मी नव्या पोरांना शिकवताना कायम सांगत आलो.

बडगे माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या जबानीवर इतरांना शिक्षा झाली, सावरकर मात्र सुटले. म्हणजे पोलिसांची माहिती कच्ची होती का?
– वकील, बोरिवली

वकीलसाहेब, कायदा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा हवा, हा जुना दंडक. बडगेनं सगळ्यांबद्दल सांगितलं. गोडसे, आपटे, करकरे यांच्या बाबतीत हॉटेलांच्या नोंदी, टॅक्सीवाले, विमानाची तिकिटं असा दुजोरा उभा राहिला, फिर्यादी पक्षानं १४९ साक्षीदार आणले. सावरकरांच्या बाबतीत न्यायालयाला तसा दुजोरा दिसला नाही. १० फेब्रुवारी १९४९ ला ते निर्दोष सुटले आणि सरकारनं अपील केलं नाही.

सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार आणि चिटणीस गजानन दामले यांचे जबाब मुंबई पोलिसांनी ४ मार्च १९४८ ला घेतले होते. ते दोघं खटल्यात साक्षीला आलेच नाहीत. वीस वर्षांनी कपूर आयोगानं ते जबाब पाहिले आणि न्यायालयापेक्षा वेगळा निष्कर्ष लिहिला. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, आणि तिथं आरोपीचा बचावही नव्हता, कारण सावरकर १९६६ मध्येच वारले होते. त्यामुळे कायद्यानं सुटका कायम आहे. दोन्ही बाजूंचे लोक यातला आपल्याला हवा तो अर्धा भाग सांगतात, म्हणून मी दोन्ही अर्धे तुमच्यापुढे ठेवतो.

तुमच्या प्रश्नाचं पोलिसी उत्तर असं, की माहिती आणि पुरावा यांच्यातला रस्ता पहिल्याच दिवशी बांधावा लागतो. आमच्या शाखेतला माणूस हॉटेलात जाऊन रजिस्टर बघतो, नाव टिपतो आणि साहेबाला सांगतो. त्यानं तिथंच तपास अधिकाऱ्याला बोलावून पानाचा पंचनामा करवला नाही, मॅनेजरचा जबाब नोंदवून घेतला नाही, तर दोन महिन्यांनी ते रजिस्टर रद्दीत गेलेलं असतं आणि मॅनेजर गावी. माझ्या हाताखालच्या पोरांना मी सक्त सांगून ठेवलं होतं, नाव सापडलं की वहीत लिहायच्या आधी ठाण्याला फोन करायचा.