गजर बंद केला म्हणजे गोळी घेतली असं नाही

तुमच्या आई ७६ वर्षांच्या, दिवसाला सात गोळ्या, आणि आठवण करून देणारं ॲप फोनवर टाकूनही महिनाअखेर काही स्ट्रिपमध्ये गोळ्या उरतात, तर एक स्ट्रिप आठवडाभर आधीच संपते. यापेक्षा चांगलं ॲप कोणतं, असं तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर ॲप बदलून फारसं काही होणार नाही. मला खटकली ती लवकर संपणारी स्ट्रिप. ती गोळी बहुधा दोनदा पोटात जातेय, आणि विसरलेल्या गोळीपेक्षा दोनदा घेतलेली गोळी कित्येकदा जास्त महागात पडते.

आमच्याकडे हेच झालं होतं. वडिलांच्या फोनवर मी सकाळी आठचा गजर लावून दिला आणि निर्धास्त झालो. गजर वाजला की ते समोर दिसेल ते बटण दाबत, म्हणजे स्नूझ, आणि गोळी घेत. दहा मिनिटांनी गजर पुन्हा. ‘अरे, राहिलीच वाटतं’ म्हणून पुन्हा एक. ती गोळी होती ग्लिमेपिराइड, रक्तातली साखर उतरवणारी. दुपारी घाम, हातांना कंप, बोलण्यात संगती नाही. साखर मोजली आणि धावपळ झाली. फोनने त्याचं काम चोख केलं होतं, चूक माझ्या मांडणीत होती.

तेव्हापासून मी दोन कामं वेगळी केली. वेळ झाली हे फोन सांगतो. गोळी घेतली की नाही, हे डबा सांगतो. सात दिवस गुणिले चार वेळा असा २८ खणांचा डबा आणा, आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः भरा, लांब राहत असाल तर व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून भरून घ्या. गजराला नाव देता येतं, तिथे नुसतं ‘गोळ्या’ लिहू नका. ‘सकाळचा खण बघा. रिकामा असेल तर काही घेऊ नका’ असं लिहा. स्नूझ बंदच करा. काही गोळ्या दमटपणाने खराब होतात, त्या पाकिटातून आधी काढायच्या नसतात. कोणत्या ते औषधं देणाऱ्या फार्मासिस्टला विचारून घ्या. सांधेदुखीसाठीची मेथोट्रेक्सेट किंवा हाडांसाठीची ॲलेंड्रोनेट अशी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल, तर तिचा गजर त्या वाराच्या नावासकट वेगळा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेल्याने माणसं दगावली आहेत.

आता ॲप मुकं का राहतं ते. फोनमधल्या घड्याळाचा गजर सहसा सायलेंटवरही वाजतो, ॲपची सूचना वाजेलच असं नाही. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन ॲपला झोपवतो, ते सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरतं बंद करावं लागतं. अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगीही वेगळी द्यावी लागते. आणि ॲप काही महिने उघडलंच नाही तर फोन त्याच्या परवानग्या आपणहून काढून घेऊ शकतो. तो पर्याय ‘न वापरलेलं ॲप’ अशा काहीशा नावाने तिथेच सापडेल. आयफोन असेल तर आयओएस १६ पासून हेल्थ ॲपमध्येच औषधांची सोय आहे, वेगळं काही टाकायची गरज नाही.

आवाजाचंही बघा. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं. नाजूक टिंगटिंग तुम्हाला शेजारच्या खोलीत ऐकू येईल, त्यांना हातातल्या फोनवरही येणार नाही. खालच्या पट्टीतली, लांबलचक धून लावा. बोटं कोरडी पडली की स्क्रीन दाद देत नाही, आणि मग म्हातारी माणसं जोरजोरात दाबतात आणि भलतंच काही सुरू होतं. स्पर्शाच्या सेटिंगमध्ये जास्त वेळ दाबण्याची मुभा देता येते.

रोज फोन करून ‘घेतली का?’ विचारू नका. उत्तर ‘हो’च येतं, आमच्याकडे चार वर्षं आलं. त्यापेक्षा रात्री डब्याचा एक फोटो मागवा. मेडिसेफसारखी ॲप गोळी चुकली की घरच्यांना कळवतात, पण ‘घेतली’ हे बटण न घेताही दाबता येतं.

फोटोंचा आणखी एक उपयोग. प्रत्येक स्ट्रिपचा मागचा भाग, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा दिसेल असा टिपून एका अल्बममध्ये ठेवा आणि नव्या डॉक्टरांना आधी तोच दाखवा. तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची वेगळी म्हणून घेतात, आत बऱ्याचदा दोन्हीकडे पॅरासिटामॉलच असतं. रक्त पातळ करणारं औषध किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ते लॉक स्क्रीनवरच्या आपत्कालीन माहितीत भरा, फोनचं कुलूप न उघडता दिसतं.

राहिल्या त्या उरणाऱ्या गोळ्या. त्या विसरूनच उरतात असं धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच, तेव्हा आईंवर चिडण्यात अर्थ नाही. वडिलांच्या उरायच्या त्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, कारण बाहेर जायच्या दिवशी ते मुद्दाम टाळत. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली आणि प्रश्न मिटला. गजर कितीही वाजला असता तरी हे कळलं नसतं.

आणि गजर कशासाठी वाजतोय हेच आईंना उमगत नसेल, तर फोनवर अजिबात विसंबू नका. तिथे गोळी हातात देणारं माणूसच हवं.

कोणत्या स्ट्रिप उरतात आणि कोणती लवकर संपते, त्यांची नावं इथे लिहा. लवकर संपणारी साखरेची, रक्तदाबाची, झोपेची किंवा रक्त पातळ करणारी असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता आजच त्यांच्या डॉक्टरांशी बोला.