गप्पीची पिल्लं, फायटरचे बुडबुडे आणि मुंबईचं पाणी: वाचकांचे प्रश्न

या वेळी निम्म्याहून जास्त प्रश्न गप्पीचेच आहेत, आणि ते साहजिक आहे, मुंबईत घरी मासे पाळायची बहुतेकांची सुरुवात गप्पीनेच होते. एंजेल आणि फायटर हे मासे पाळणाऱ्यांनाही जागा दिलीय. एक गोष्ट सगळ्यांसाठी आधीच सांगतो: गप्पीला पिल्लं व्हायला आपलं काही कौशल्य लागत नाही, ती होतातच, खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्यामुळे वेगळा टब आहे का, जागा किती आहे, हे मी प्रत्येकाला विचारणारच.

प्रश्न: सकाळी टँकमध्ये तीस-चाळीस पिल्लं दिसली, संध्याकाळी ऑफिसमधून येऊन बघते तर सात-आठच. बाकीची फिल्टरमध्ये गेली का? दीड फुटी टँक आहे, त्यात पंधरा-वीस गप्पी आहेत. (लालबाग)

ताई, एखाद-दोन फिल्टरमध्ये गेलीही असतील पण बाकीची मोठ्यांच्या पोटात गेली. गप्पीची आई पिल्लाला ओळखत वगैरे नाही, समोर हलणारी बारीक वस्तू म्हणजे खाणं एवढंच तिला कळतं. कधी जमलं तर नीट बघा, पिल्लू बाहेर येतं तेव्हा घडी घातल्यासारखं गोल दुमडलेलं असतं, खाली पडता पडता सरळ होतं आणि लगेच कशाच्या तरी आडोशाला पळतं. तुमच्या टँकमध्ये तो आडोसाच नसणार. रंगीत खडे नि प्लास्टिकचं एक झाड असं असेल तर पिल्लू जाणार कुठे?

तर पहिली गोष्ट म्हणजे जावा मॉस किंवा गप्पी ग्रास, ही पाण्यातली झाडं, भरपूर टाका, एक काडी नाही, चांगला ओंजळभर गुच्छा. हॉर्नवर्टपण चालतं, स्वस्त आहे आणि वर तरंगत राहतं. दुकानात तो जाळीचा ब्रीडिंग बॉक्स मिळतो तो मला फारसा आवडत नाही. मादीला त्यात चार-चार दिवस कोंडून ठेवतात, ती घाबरते आणि कधी कधी वेळेआधीच अर्धवट पिल्लं टाकते. वापरायचाच असेल तर अगदी शेवटच्या काही तासांसाठी वापरा. दिवस भरत आले की शेपटीच्या बाजूला पोटावरचा तो काळा डाग मोठा आणि गडद होतो, पोट गोल न दिसता पुढून चौकोनी दिसायला लागतं, मादी कोपऱ्यात नाहीतर हीटरजवळ एकटी थांबते. एवढं दिसलं की तिला वेगळ्या टबात हलवा, पिल्लं झाली की तिला परत टँकमध्ये, पिल्लं टबातच. पाणी २६ ते २८ डिग्री असेल तर साधारण चार आठवड्यांनी पुढची खेप येते, म्हणजे तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवता येते.

टबसाठी खर्च करू नका. दुकानदाराकडे मासे ज्यातून येतात तो थर्माकोलचा खोका मागा, बऱ्याचदा फुकट मिळतो, पाण्याचं तापमानही टिकतं. त्यात एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर लावा, मोटरचा नको, मोटरच्या फिल्टरमध्ये पिल्लू खेचलं जातं.

प्रश्न: मी फक्त तीन फीमेल गप्पी आणल्या, एकही मेल नाही. तरी दोनदा पिल्लं झाली! मित्र म्हणतात खोटं बोलतोयस. (आठवीतला विद्यार्थी, विक्रोळी)

तू खरं बोलतोयस, मित्रांना हे वाचायला दे. गप्पीची मादी नराचे शुक्राणू शरीरात काही महिने साठवून ठेवते आणि एकदा मिलन झालं की त्यावर पुढच्या कितीतरी खेपा होऊ शकतात. दुकानात नर-मादी एकाच टँकमध्ये असतात, म्हणजे तू आणलेल्या तिघी आधीच गाभण होत्या, आणि पिल्लांचा बाप कोण, कुठल्या रंगाचा, ते दुकानातच राहिलं.

आता यातून तुझ्या कामाचं काय ते ऐक. तुला लाल शेपटीची, काळ्या अंगाची अशी एखादी ठरावीक लाइन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोच रंग, टिकवायची असेल तर मोठी मादी विकत आणून उपयोग नाही, ती दुसऱ्याच कुणाची पिल्लं देत राहील. लहान पिल्लांपासून सुरू कर आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रोज टॉर्च घेऊन बघत जा. पोटाखालचा मागचा पर पंख्यासारखा त्रिकोणी राहिला तर मादी, तोच पर बारीक होऊन काडीसारखा मागे वळायला लागला तर नर. रंग येईपर्यंत थांबलास तर उशीर झाला, तोवर टबातल्या बहिणी गाभण झालेल्या असतात. नर एका टबात, माद्या दुसऱ्या टबात. नंतर सगळ्यात चांगला नर निवडून त्याच्याबरोबर दोन-तीन माद्या ठेव, उलटं करू नकोस, नर जास्त झाले तर मादीच्या इतके मागे लागतात की ती दमून मरते. रंगाच्या बऱ्याच खुणा बापाकडून थेट मुलाकडे जातात, म्हणून नर निवडताना घाई नको. आणि काही पिढ्यांनी त्याच लाइनचा एखादा नर दुसऱ्या कुणाकडून आण, सारखं भावंडांतच चाललं तर पिल्लं बारकी आणि पाठीत वाकडी निघायला लागतात.

प्रश्न: गप्पी आणि मॉली आठवडाभरात मरतात. मॉली तर एका जागी थरथरत राहते. पाणी खराब नको म्हणून आम्ही घरच्या आरओचंच पाणी भरतो, रोज सगळं बदलतो, फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुतो. तरी असं का? (मुलुंड)

काका, तुमचं प्रेम कळतंय पण आरओचं पाणी आजच बंद करा आणि रोज सगळं पाणी बदलणंही बंद करा. याच दोन गोष्टींनी मासे जातायत.

मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी, ते मुळातच मृदू असतं, क्षार कमी. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही सगळी पिल्लं देणारी मंडळी क्षार असलेल्या, थोड्या कठीण पाण्यातली, मॉली तर समुद्राजवळच्या मचूळ पाण्यातही राहते. आधीच मृदू असलेलं पाणी तुम्ही आरओमधून काढता म्हणजे उरलेसुरले क्षारही गेले. ती थरथर त्याचीच. नळाचंच पाणी घ्या आणि फिल्टरजवळ मूठभर कोरल चिप्स जाळीच्या पिशवीत टाकून ठेवा, नाहीतर जुहू-गोराईच्या किनाऱ्यावरचे रिकामे शिंपले आणून उकळून, स्वच्छ धुवून टाकले तरी काम होतं, ते हळूहळू विरघळतात आणि पाणी आंबट होऊ देत नाहीत. मॉलीसाठी १० लिटरला एक सपाट चमचा जाडं मीठ चालेल, मात्र टँकमध्ये झाडं असतील तर त्याहून कमी. तुमच्या बिल्डिंगला बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर मात्र ते आधीच कठीण असू शकतं, तिथे चिप्स टाकायच्या आधी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर लावून बघा.

क्लोरीनचं म्हणाल तर पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवायचं, त्यात एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, सोडला तर अजून बरं. घाई असेल तर दुकानात हायपोचे खडे मिळतात, सोडियम थायोसल्फेट, तेही चालतात. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला तर थेट ओतायचं धाडस करू नका.

आणि रोजचं पाणी बदलणं. माशांच्या शीपासून अमोनिया होतो, तो विषारी असतो, फिल्टरच्या स्पंजमध्ये जीवाणू वाढतात ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य आहे. हे जीवाणू नीट बसायला महिना-दीड महिना लागतो. तुम्ही रोज सगळं रिकामं करून स्पंज नळाखाली चोळून धुता म्हणजे ते बसायच्या आधीच मरतात आणि टँक रोज नव्याने सुरू होतो. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी काढा, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बास. आणि सध्या नवे मासे आणू नका, आहेत तेवढे तगू द्या.

प्रश्न: पिल्लांना अंड्याचा बलक देतो पण पाणी दुधासारखं होतं आणि वास येतो. दुसरं काय देता येईल? (बोरिवली)

बलक हा अडीनडीचा उपाय आहे, सुईच्या टोकावर येईल एवढाच द्यायचा. आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, अंड्यांतून काढायला शिका, एकदा हात बसला की सोपं आहे. दोन लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगायची, त्यात एक लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे जाडं मीठ, अर्धा छोटा चमचा आर्टेमियाची अंडी, आणि एअर पंपची नळी तळापर्यंत, म्हणजे अंडी सतत घुसळत राहतील. मुंबईच्या हवेत २४ ते ३६ तासांत फुटतात. मग हवा बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं, टरफलं वर येतात, आणि खाली टॉर्च धरला की नारिंगी ठिपक्यांचा ढग उजेडाकडे गोळा होतो. तो नळीने बारीक सुती कपड्यावर ओढून घ्यायचा, साध्या पाण्याने धुवायचा आणि पिल्लांना द्यायचा. पाचेक मिनिटांत बघा, प्रत्येक पिल्लाचं पोट नारिंगी दिसतं, कोण जेवलं आणि कोण उपाशी ते लगेच कळतं. पहिले दोन आठवडे दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं दिलं की वाढीत जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेच पडत नाही. नोकरीमुळे चार वेळा जमत नसेल तर सकाळी-रात्री आर्टेमिया आणि मधे घरातल्या कुणाला तरी बोटांनी चुरलेलं कोरडं फूड चिमूटभर टाकायला सांगा.

गच्चीत बादल्या ठेवून डॅफ्निया (पाण्यातले पिसवेएवढे जीव) किंवा डासांच्या अळ्या वाढवणारेही आहेत. डॅफ्निया करा पण बादलीवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. अळ्यांचा डास व्हायला आठवडा पुरतो, आणि डेंग्यू-मलेरिया शेजाऱ्यांच्या घरात जातो, पालिकेची नोटीस येते ती वेगळीच.

प्रश्न: एंजेलची जोडी दर पंधरा दिवसांनी अंडी घालते आणि दुसऱ्या दिवशी खाऊन टाकते. (परळ)

गप्पीला जड जाणारं आपलं मृदू पाणी एंजेलला मात्र मानवतं, त्यामुळे तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. नवी जोडी पहिल्या काही खेपांना असं करतेच. तुम्हाला थांबायचं नसेल तर टँकमध्ये एक स्लेटची पट्टी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा तिरका टेकवून ठेवा, त्यावर अंडी घातली आणि नर फिरून गेला की पट्टी उचलून त्याच टँकचं पाणी भरलेल्या वेगळ्या टबात ठेवा, जवळ एअर स्टोन, आणि पाणी फिकट निळं होईल इतकं मिथिलीन ब्लू, हे बुरशी रोखणारं औषध. दोन-तीन दिवसांत फुटतात, त्यानंतर पाचेक दिवस पिल्लं पट्टीला चिकटूनच वळवळतात, तेव्हा खायला घालायचं नाही. पोहायला लागली की आर्टेमिया सुरू. सगळीच अंडी पांढरी पडत असतील, म्हणजे फळतच नसतील, तर दोन्ही माद्या असण्याची शक्यता आहे, एंजेलमध्ये दोन माद्याही जोडी करतात.

प्रश्न: आमची खोली दहा बाय बाराची. फायटर ब्रीड करायचाय, जमेल का? (गिरगाव)

अंडी-पिल्लांपर्यंत जमेल, पुढे मात्र विचार करा. नर वर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, मादी अंडी सोडते, नर ती तोंडात उचलून बुडबुड्यांत लावतो. मिलन झालं की मादी लगेच बाहेर काढायची नाहीतर तो तिला फाडतो. पाणी पाच-सहा इंचच, वर झाकण, कारण पिल्लं पुढे वरची हवा घ्यायला लागतात तेव्हा ती हवा कोमट, दमट लागते. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं आडवी पोहायला लागली की नरही बाहेर. इतपर्यंत एक टब पुरतो. पण अडीच-तीन महिन्यांत नर एकमेकांना मारायला लागतात आणि मग प्रत्येकाला वेगळी बाटली, रोज प्रत्येक बाटलीचं पाणी. एका खेपेत शंभरावर पिल्लं सहज होतात. घेणारा दुकानदार आधी ठरवा, त्याच्याशी बोलणं झाल्यावर जोडी लावा.

प्रश्न: घरात दोनेकशे गप्पी झालेत. पवई तलावात सोडले तर चालतील ना? पालिकासुद्धा सोडते. (अंधेरी)

नाही, कृपा करून सोडू नका. पालिकेचा कीटकनाशक विभाग डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडतो हे खरं, पण विहिरी, हौद अशा बंदिस्त पाण्यात. गप्पी मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा, तलावात गेला की तिथल्या आपल्या बारीक माशांचं खाणं आणि अंडी-पिल्लंही खातो, शिवाय घरातले रोग बरोबर नेतो. आपल्याकडे डोक्यावर चकाकता ठिपका असलेले, पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारे छोटे किलीफिश असतात, अळ्या खायचं काम तेही करतात, त्यांची जागा आपण का घ्यायची? सोसायटीच्या आवारात विहीर किंवा कारंजं असेल तर वॉर्ड ऑफिसला विचारा, ते सांगतील. जवळच्या दुकानात फूडच्या बदल्यात द्या, शाळेत द्या. आणि आजच नर-माद्या वेगळ्या करा. साठवलेल्या शुक्राणूंवर अजून काही खेपा येतील, त्यांना यावेळी मॉसचा आडोसा देऊ नका. ऐकायला कठोर वाटेल पण गर्दीच्या टँकमध्ये सगळेच आजारी पडून मरण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न: गणपतीला आठ दिवस गावी जातोय. मासे उपाशी राहतील का? (करी रोड)

मोठे मासे आठवडाभर आरामात राहतात. निघायच्या दोन दिवस आधी पाव हिस्सा पाणी बदला, निघायच्या दिवशी नको, काही बिघडलं तर बघायला तुम्ही नसाल. तो विरघळणारा पांढरा फूड ब्लॉक टाकू नका, पाणी नासवतो. पिल्लं महिन्याच्या आतली असतील तर मात्र कुणीतरी लागेलच, शेजाऱ्यांना डबा देऊ नका, चिमूट-चिमूट फूडच्या कागदी पुड्या करून प्रत्येकीवर वार लिहून द्या आणि डबा कपाटात ठेवा, कारण प्रेमाने जास्त घातलं जातं. एअर पंप बंद करून जाऊ नका आणि मेन स्विच पाडायची सवय असेल तर पंपाचा पॉइंट त्यातून वगळायला इलेक्ट्रिशियनला आत्ताच सांगून ठेवा, गणपतीच्या आधी तो मिळत नाही.