दहा ग्रॅमच्या माशाला इंजेक्शन किती?

प्रश्न: टाकीतल्या बार्ब माशांनी अंडी सोडावीत म्हणून संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं, प्रत्येक मादीला ०.१ मिली. चारपैकी दोन मेल्या, उरलेल्या दोघींनी अंडी सोडलीच नाहीत. औषध बोगस होतं का?

उत्तर: औषधाला दोष देण्याआधी हिशोब करू. तुमच्या मादीचं वजन साधारण १० ग्रॅम, असं तुम्ही कळवलंय. जीएनआरएच (अंडी सुटण्याचा इशारा देणारं संप्रेरक) आणि त्याच्या जोडीचं डोम्पेरिडोन असलेलं तयार औषध मादीला किलोमागे साधारण ०.५ मिली लागतं. म्हणजे तुमच्या मादीला लागणार होतं ०.००५ मिली. तुम्ही दिलंत वीसपट! शिवाय एवढुशा अंगात ०.१ मिली म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकाच जागी ६०० मिली टोचल्यासारखं झालं. रोहू-कटल्यासारख्या मोठ्या कार्प माशांची सवय हाताला असली की ही चूक हमखास होते.

०.००५ मिली साध्या सिरिंजवर नीट मोजता येत नाही, म्हणून औषध पातळ करायचं. ०.१ मिली औषधात ०.९ मिली नॉर्मल सलाईन मिसळा. आता १० ग्रॅमच्या मादीला ०.०५ मिली पुरे. इन्सुलिनची सिरिंज वापरा, पण आधी ती कुठली आहे ते पाहा: १०० युनिटवालीवर हे ५ युनिट होतात, ४० युनिटवालीवर २. नराला निम्मी मात्रा.

वजन अंदाजाने नको. पाण्याचा मग काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि मासा त्यात सोडा. टोचताना मासा ओल्या फडक्यात धरा. पाठीच्या पराच्या बुडाशी, अंगावरच्या आडव्या रेषेच्या वर, खवल्याखालून सुई तिरकी सरकवा. औषध सावकाश सोडा, सुई काढल्यावर जागा बोटाने क्षणभर दाबून धरा.

आता अंडी न सोडलेल्या दोघींबद्दल. इंजेक्शनने अंडी तयार होत नाहीत, तयार असलेली सुटतात. टाकीत मादीच्या पोटात अंडी भरतात, पण नव्या पाण्याची, प्रवाहाची चाहूल न लागल्याने मेंदूकडून पीयूष ग्रंथीला इशारा जात नाही. जीएनआरएच तो इशारा देतं. मेंदूतलं डोपामिन ग्रंथीला ब्रेक लावून असतं, तो डोम्पेरिडोन सोडवतं. पोट मऊ, फुगीर आणि गुदद्वार लालसर नसेल तर सुई उचलूच नका. नराचं पोट हलकेच दाबल्यावर दुधासारखं पाणी आलं पाहिजे.

संध्याकाळी टोचून एका मादीमागे दोन नर सोडा. पाणी २६ ते २८ अंश असेल तर बहुतेक वेळा पहाटेपर्यंत काम होतं. अंडी दिसली की आई-बाप लगेच बाहेर काढा, नाहीतर तेच ती खातात.

प्रश्न: काही अंडी पांढरी पडून त्यांवर कापूस आला. सगळी फेकू का?

उत्तर: नाही. पांढरी अंडी बहुधा फळलेली नसतात, बुरशी त्यांवर चढते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. ड्रॉपरने तेवढीच उचला, हवा मंद चालू ठेवा. पारदर्शक अंडी याच तापमानाला साधारण २४ ते ३६ तासांत फुटतात. पिल्लांच्या पोटाखालची पिवळी पिशवी संपून ती पोहू लागेपर्यंत खाद्य टाकू नका, नाहीतर पाणी नासतं. त्यानंतर इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव), मग आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची) पिल्लं.

प्रश्न: त्याच माद्यांना पुढच्या आठवड्यात परत टोचू का?

उत्तर: नको. काही आठवडे नरांपासून वेगळ्या ठेवा, जिवंत खाद्य द्या. पोट पुन्हा भरलेलं दिसलं तरच बघू.