ढोल-ताशाकडून ड्रमसेटकडे येताना लय पळत असेल तर

आपला प्रश्न असा आहे की, खानापूर तालुक्यातील एका गावात राहून पथकात चार वर्षे ताशा आणि त्यानंतर दोन वर्षे ड्रमसेट वाजवूनही हात पुढे सरकत नाही, ऑर्केस्ट्रात बसल्यावर ‘गाणे पळते’ अशी तक्रार येते, आणि अशा वेळी इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतल्याने काही फरक पडेल का. मी बेळगावच्या वडगाव भागात वाढलो असून गेली बावीस वर्षे लग्नसमारंभांत, गणेशोत्सवाच्या मंचावर आणि मराठी-कन्नड गाण्यांच्या कार्यक्रमांत ड्रम व ऑक्टोपॅड (आठ पॅडचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवीत आहे. मी कोणाचा गुरू नाही. आपण ज्या वाटेवर आहात तेथेच मीही ठेचकाळलो होतो, एवढाच माझा अधिकार समजावा.

यंत्र नंतर घ्यावे. पुढचे तीन महिने आपले प्रत्येक वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि ते त्याच रात्री नव्हे, तर दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकावे. वाजवून उठल्याबरोबर ऐकले तर हाताला जे वाटले तेच कानाला ऐकू येते.

हे मला कळले ते एका अपमानातून. निपाणीकडच्या एका कार्यक्रमात मध्यंतरात गायिका म्हणाली, ‘‘दादा, अंतऱ्याला श्वास घ्यायला जागाच उरत नाही हो.’’ दम तिचाच कमी पडतो आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि उरलेला कार्यक्रम घुश्शातच वाजवला. आठवड्याने एका मित्राने केलेले ध्वनिमुद्रण हाती आले. मोबाइलवरील मेट्रोनोममध्ये (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या साधनात) बोटाने ठोके देऊन लय मोजण्याची सोय असते. त्या सोयीने मोजले तेव्हा मुखडा मिनिटाला ९६ मात्रांवर सुरू झालेला आणि शेवटचा अंतरा १०७ वर गेलेला निघाला. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे लय सगळीकडे सारखी वाढत नव्हती, तर प्रत्येक रोलनंतर (दोन ओळींमधली जागा भरणाऱ्या झटपट ठोक्यांच्या लडीनंतर) तीन-चार मात्रांनी उडी घेत होती. रोल मारताना मी ठोक्यांमधले अंतर आखडून समेवर लवकर येत होतो आणि मग तीच नवी लय धरून पुढे जात होतो.

आपलेही असेच होत असावे, असा माझा अंदाज आहे, आणि त्यात आपल्या हाताचा दोष नाही. पथकात ताशाने लय उचलायची आणि ढोलांनी तिच्यामागे धावायचे, यातच मिरवणुकीची रंगत असते. तेथे चढती लय हा गुण मानला जातो. गाण्याच्या साथीला बसल्यावर तीच सवय दोष ठरते. त्यामुळे ताशा विसरून जा, असे मी मुळीच म्हणणार नाही. आपण कोणत्या मांडवात बसलो आहोत, हे हाताला कळू द्यावे, इतकेच.

आता सरावाविषयी. सिंगल स्ट्रोक (आळीपाळीने एकेक ठोका), डबल स्ट्रोक (प्रत्येक हाताने दोन-दोन ठोके) आणि पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा) हे तीन प्रकार मिनिटाला ६० मात्रांच्या ठाय लयीत, एका मात्रेत चार ठोके धरून, रोज वीस मिनिटे वाजवावेत. प्लायवूडच्या तुकड्यावर जाड रबर चिकटवला तरी प्रॅक्टिस पॅड तयार होतो. ताशावाल्यांची मनगटे चपळ असतात, परंतु काडी आवळून धरण्याची खोड पुष्कळांना असते. ड्रमवर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये काडीचा टेकू ठेवून, ठोका पडल्यावर तिला स्वतःहून उसळू द्यावे लागते. ही उसळी हाताने अडवली नाही की अर्धे श्रम वाचतात आणि हलके, दबके ठोकेही काढता येऊ लागतात.

मेट्रोनोम सतत लावून वाजवणे ही पहिली पायरी आहे आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. सतत वाजणारी टकटक कुबडीसारखी असते, ती बंद पडली की चाल पुन्हा बिघडते. म्हणून चार मात्रा टकटक आणि चार मात्रा शांतता, मग चार आणि आठ, मग चार आणि बारा, असे अंतर वाढवत जावे. काही मेट्रोनोममध्ये ही सोय तयारच असते. शांततेनंतरची पहिली टकटक आपल्या ठोक्याच्या आधी पडते की नंतर, यावरून आपली लय किती आणि कोणत्या बाजूला सरकते, हे स्पष्ट कळते. माझी नेहमी पुढे पळत असे. रोलही याच रिकाम्या जागेत मारून पाहावेत आणि तोंडाने बोल म्हणत मारावेत, कारण तोंडाने म्हटलेली जागा हात सहसा खात नाही.

याच्या जोडीला गावच्या भजनी मंडळात आठवड्यातून एकदा बसावे, असा माझा आग्रह आहे, मग वाट्याला नुसते टाळ आले तरी चालतील. आठ मात्रांचा भजनी ठेका तासभर एकाच लयीत धरून ठेवणारा पखवाजवादक म्हणजे विजेशिवाय चालणारा मेट्रोनोमच, आणि शिवाय तो अभंग म्हणणाऱ्याचा श्वासही ऐकतो, जे यंत्राला जमत नाही. हाच ठेका नंतर ड्रमसेटवर बसवून पाहावा, म्हणजे टाळाचे काम हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) आणि पखवाजाच्या धुमेचे काम पायातील बेस ड्रमकडे द्यावे. हलगीचेही तसेच करता येते: जाड टिपरूचे ठोके स्नेअरवर (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमवर) ठळकपणे आणि बारीक काडीची कडकड त्यांच्यामधल्या दबक्या ठोक्यांत. जगभर नाव झालेले तालवादक त्रिलोक गुर्टू यांचा पाया तबल्याचा आहे आणि त्यांनी ड्रम व तबला एकाच मांडणीत आणून वादनाची स्वतःची रीत घडवली. त्यांच्या आई, ठुमरीगायिका शोभा गुर्टू, यांचा जन्म १९२५ साली आपल्या बेळगावचाच, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

तंत्रज्ञानाबाबत एक गोष्ट आधी समजून घ्यावी, ती म्हणजे विलंब. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते आणि तिचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे आपण ज्या टकटकीला धरून वाजवतो ती जवळजवळ एक पूर्ण ठोका मागची असू शकते. सरावासाठी तारेचेच इअरफोन वापरावेत. संगणकाला पॅड जोडून वाजवताना ‘बफर’ नावाची मांडणी (संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे पाठवतो ती) १२८ नमुन्यांवर ठेवली तर त्यातून सुमारे ३ मिलिसेकंदांचाच विलंब होतो, १०२४ वर ठेवली तर तो सुमारे २३ होतो आणि वाजवताना हाताला खटकतो. मंचावरही हाच हिशेब लागू पडतो. आवाज एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो. दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज ऐकून वाजवणारा माणूस तितक्याच प्रमाणात मागे राहतो, आणि समोरची भिंत तीस मीटरवर असेल तर तिच्यावरून परतणारा ठोका पावणेदोनशे मिलिसेकंदांनी कानावर आदळतो. मंगल कार्यालयांत लय डळमळते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते, म्हणून आपला मॉनिटर (वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) शक्य तितका जवळ मागून घ्यावा आणि भिंतीकडे कान देऊ नये.

ध्वनिमुद्रण संगणकावर घेतल्यास आणखी एक फायदा होतो. आवाजाच्या लहरी मात्रांच्या रेघांवर दिसतात आणि कोणता ठोका रेघेच्या आधी पडला हे डोळ्यांनी पाहता येते. त्याच प्रणालीत एक कळ दाबून सगळे ठोके रेघेवर सरळ बसवण्याचीही सोय असते, पण सरावाच्या ध्वनिमुद्रणावर ती कळ कधीही दाबू नये; आरशावर रंग लावून चेहरा सुधारत नाही.

मंचावर तयार ट्रॅकसोबत वाजवायची वेळ आली तर स्वस्तातला मार्ग असा आहे: स्टीरिओ फाइलच्या डाव्या बाजूला फक्त टकटक आणि उजव्या बाजूला संगीत ठेवावे, दुभागणारी वायर लावून डावी बाजू आपल्या कानात आणि उजवी मिक्सरकडे द्यावी. वायरींना रंगीत पट्ट्या चिकटवून ठेवाव्यात. एका गणेशोत्सवात मी त्या उलट जोडल्या आणि पहिले कडवे संपेपर्यंत सगळ्या चौकाने माझी टकटक ऐकली. आजही त्या गल्लीतील पोरे मला पाहून जिभेने टक-टक करतात. वीज गेल्यावर ऑक्टोपॅड गप्प होतो, हेही ध्यानात ठेवून मी शेजारी एक ढोलकी नेहमी ठेवतो.

कानांबद्दल मी अनेक वर्षे निष्काळजी होतो. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. बंद खोलीतला ड्रमसेट ही पातळी सहज ओलांडतो. सरावालाही इअरप्लग घालावेत.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. तीन महिन्यांनंतर आपल्या ध्वनिमुद्रणात रोलपूर्वीची आणि रोलनंतरची लय एक-दोन मात्रांच्या फरकात राहू लागली, तर जरूर खरेदी करावी. रात्री शेजाऱ्यांना न उठवता सराव करायचा असेल तर जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट बरा, मात्र पायाच्या पेडलची धमक जमिनीतून खाली जाते, म्हणून त्याखाली जाड रबरी चटई घालावी. कार्यक्रमांतून चार पैसे मिळवायचे असतील तर आमच्या भागात ऑक्टोपॅडलाच मागणी अधिक आहे. लग्नसराई संपल्यावर जुनी ऑक्टोपॅड विकायला निघतात; घेताना आठही पॅड मधोमध आणि कोपऱ्यांवर हलक्या हाताने वाजवून पाहावेत, एका ठोक्याला दोन आवाज देणारा पॅड असेल तर किंमत पाडून मागावी, आणि मूळ अडॅप्टर सोबत असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.