वाचक विचारतात : चार्जर लावला आणि एलईडी गेले

प्रश्न : गणपतीच्या मखराला तीन-तीन पांढऱ्या एलईडींच्या आठ ओळी केल्या, प्रत्येक ओळीला १२० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा भाग; ओहम हे त्याच्या रोधाचे माप). १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोन रात्री छान चालल्या. तिसऱ्या दिवशी चार्जर चालू ठेवूनच लावल्या, तर पाच ओळी गेल्या. रेझिस्टर मात्र शाबूत आहेत. असे का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : भागाकार बरोबर आहे, बॅटरीचा आकडा चुकला. पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेतो, तीन मिळून ९.६. बारातून उरले २.४, त्याला १२० ने भागले की २० मिलीअँपिअर. साध्या ५ मिलिमीटर एलईडीची मजल तेवढीच. पण चार्जर चालू असताना त्याच बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत चढतात. एलईडी आपापल्या ३.२ च्या आसपासच राहतात, वाढलेले जवळपास सगळे रेझिस्टरच्या वाट्याला येते. २.४ चे ४.८ झाले, म्हणजे प्रवाहही दुप्पट, ४० मिलीअँपिअर. रेझिस्टरला त्याचे काही नाही, एलईडी मरतो.

१२० च्या जागी २७० घातलात तर एलईडी वाचतील, पण वीज गेल्यावर नुसत्या बॅटरीवर उजेड निम्म्यावर येईल. त्यापेक्षा ओळीत दोनच एलईडी ठेवा आणि ४७० ओहम घाला. चार्जरवर १७ मिलीअँपिअर, बॅटरीवर १२. डोळ्याला फरक फारसा कळत नाही. रेझिस्टरमध्ये उष्णता होते ०.१४ वॅटच्या आत, पाव वॅटचा पुरतो. तो एलईडीच्या अलीकडे लावा की पलीकडे, उलटा की सुलटा, सारखेच. एलईडीचा लांब पाय मात्र प्लसकडेच हवा. आणि सगळ्या ओळींना मिळून एकच रेझिस्टर लावण्याची काटकसर नको. जी ओळ थोडे कमी व्होल्ट घेते तीच जास्त प्रवाह ओढते.

प्रश्न : १२ व्होल्टच्या छोट्या पंख्याचा वेग कमी करायला १० ओहमचा रेझिस्टर लावला. धूर आला. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : ओहम ठीक, वॅट अपुरे. पंखा ०.३ अँपिअर घेत असेल तर ०.३ × ०.३ × १० म्हणजे ०.९ वॅट. पाव वॅटचा दाणा किती तग धरणार? पाच वॅटचा पांढरा चौकोनी घ्या आणि प्लॅस्टिकपासून दूर, हवेत ठेवा. तोही हाताला चटका देईल, ते बिघाडाचे लक्षण नव्हे. पंखा सुरूच होत नसेल तर हाताने ढकलू नका, ओहम कमी करा.

प्रश्न : सर्किटमधला ४७० चा रेझिस्टर मीटरवर १८० दाखवतो. बदलू का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : इतक्यात नको. मीटरचा प्रवाह शेजारच्या भागांतूनही वाट काढतो, म्हणून आकडा कमी दिसतो. वीज बंद करा, एक पाय सोल्डरमधून उचला, मग मोजा. रेझिस्टरवरची सोनेरी पट्टी म्हणजे ५ टक्के कमी-जास्त चालते, तेव्हा ४४७ ते ४९३ मध्ये काहीही चालेल. पाय न उचलता आकडा पट्ट्यांच्या आकड्याहून बराच जास्त आला, तर मात्र रेझिस्टर गेला. तापून बिघडलेला बहुधा वरच सरकतो किंवा तुटतो.

नवा घेताना पट्ट्या दिवसाच्या उजेडात बघा. पिवळा-जांभळा-तपकिरी हा ४७०. तिसरी पट्टी लाल असली तर ४७००. पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारख्याच वाटतात, आणि मग एलईडी काजव्याएवढाच पेटतो.