नेमाने मागत राहा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. दोन महिने तुम्ही चाळीस जण दारोदार फिरलात, गाडीभर पाकिटे आणि डबे गोळा केलेत आणि प्रादेशिक अन्नपेढीच्या, म्हणजे गरजूंसाठी अन्न जमवून वाटप केंद्रांना पुरवणाऱ्या संस्थेच्या, गोदामात नेऊन उतरवलेत. तिथल्या भांडारप्रमुखांनी त्या ढिगाकडे एकदा पाहिले आणि दोनच प्रश्न विचारले: दर मंगळवारी येऊ शकतील असे तुमच्यात किती जण आहेत, आणि शीतगृहाच्या दुरुस्तीसाठी काही पैसे उभे करता येतील का. तुला ते लागले. लोकांच्या भावनेची तिथे कोणाला किंमत नाही, असे तू लिहिले आहेस. आणि त्याच पत्राच्या शेवटी पुढच्या वर्षी एक मोठी दौड भरवून याहून भव्य काही करून दाखवण्याचा बेतही लिहिला आहेस. काम सोडावे की वाढवावे, हे तुझे तुलाच कळेनासे झाले आहे.

तुम्ही चांगले काम केलेत, हे मी लिहीत बसणार नाही. ते तुला माहीत आहे. भुकेल्या माणसापर्यंत अन्न पोहोचले पाहिजे, यावरही आपल्यात वाद नाही. वाद त्या भांडारप्रमुखांबद्दल आहे आणि त्यात मी त्यांच्या बाजूने आहे. ते का, हे सांगताना मला माझी एक जुनी चूक उकरून काढावी लागेल. पण आधी तुमच्या ढिगाचे काय झाले असेल ते पाहू.

त्यातले प्रत्येक पाकीट कोणीतरी हातात घेऊन पाहिले असेल. फाटलेले, गळणारे, लेबल निघालेले वेगळे काढले असेल. फुगलेला किंवा सांध्यावर चेपलेला डबा टाकून द्यावाच लागतो, कारण आत काय वाढले आहे ते बाहेरून कळत नाही. मग तारखा. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चवीबद्दल आणि दर्जाबद्दल असते. ती उलटली तरी कोरडा, नीट बंद असलेला माल बहुधा खाण्याजोगा राहतो. ‘यूज बाय’ ही तारीख सुरक्षिततेची असते आणि ती ओलांडलेला जिन्नस देता येत नाही. हा फरक न कळणारा स्वयंसेवक एक तर चांगले अन्न फेकतो, नाही तर धोकादायक अन्न पुढे पाठवतो. हे सगळे झाल्यावर वजन, वर्गवारी, नोंदवहीत नोंद, आणि ज्याची मुदत आधी संपणार ते पुढे लागेल अशी मांडणी. तुम्ही गाडी रिकामी करून अर्ध्या तासात निघून गेलात. तो ढीग निवडायला तिथल्या माणसांचे कित्येक दिवस गेले असतील.

आणि ज्या पैशांत एका घराने किरकोळ दुकानातून एक पाकीट विकत घेऊन तुमच्या हाती दिले, त्याच पैशांत अन्नपेढीने घाऊक बाजारातून कितीतरी जास्त माल घेतला असता. खरे तर पुष्कळदा तिला माल विकत घ्यावाही लागत नाही. उत्पादकांकडे आणि मोठ्या दुकानांत चांगला माल उरलेला असतो. तो उचलून आणणे, थंड ठेवणे आणि वेळेत पोहोचवणे एवढाच खर्च असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेला अंदाज असा, की २०२२ या एका वर्षात दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदाच केला, की मोठ्या दुकानांनी न विकलेले खाण्याजोगे अन्न नष्ट करायचे नाही आणि ते देण्यासाठी सेवाभावी संस्थांशी करार करायचे. पण कायदा अन्न दुकानाच्या मागच्या दारापर्यंत आणून ठेवतो. तिथून पुढे गाडी लागते, गाडीत इंधन लागते, आणि ठरलेल्या वेळी हजर होणारा माणूस लागतो.

गोळा करायला निघण्यापूर्वी तुम्ही एकदा तरी गोदामात जाऊन विचारले होते का, की तुम्हाला काय हवे आहे? तुझ्या चार पानी पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. अमेरिकेतल्या अन्नपेढ्यांच्या देशव्यापी जाळ्यातसुद्धा २००५ पर्यंत माल पाळीपाळीने वाटला जाई, आणि ज्याच्या कोठारात जे आधीच भरपूर आहे तेच पुन्हा त्याच्याकडे जाई. मग त्यांनी प्रत्येक अन्नपेढीला तिच्या भागातल्या गरजेच्या प्रमाणात केवळ हिशेबापुरते मानीव चलन दिले आणि त्यातून हवा त्या मालावर बोली लावू दिली. ज्याला जे हवे ते त्याला मागता येऊ लागले, आणि वाटप सुधारले. घेणाऱ्याला विचारायचे असते, ही गोष्ट एवढ्या मोठ्या व्यवस्थेलाही शिकावी लागली. तेव्हा तुम्हाला ती आधी सुचली नाही याबद्दल मी फार रागावत नाही. भांडारप्रमुखांनी तोंडाने सांगितल्यावरही ती ऐकू आली नाही, याबद्दल मात्र रागावते.

आता माझी चूक.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका अन्नपेढीच्या निधी समितीचे काम माझ्याकडे होते. वर्षातून एक मोठा कार्यक्रम आम्ही करायचो आणि त्याच्या प्रत्येक पावतीवर मी एक ओळ छापून घेतली होती: ‘आपल्या देणगीतील प्रत्येक पैसा केवळ अन्नावर खर्च होईल.’ मला त्या ओळीचा फार अभिमान होता. लोक ती वाचून मोठ्या मनाने देत. आमचे भांडारपाल वयाने माझ्याहून मोठे होते आणि मोजके बोलत. त्यांनी सलग तीन बैठकांत सांगितले, की शीतगृहाचा काँप्रेसर अधूनमधून बंद पडतो आहे, तो बदलायला हवा. तिन्ही वेळा मी उत्तर दिले, की देणगीदारांनी पैसे यंत्रासाठी दिलेले नाहीत. खात्यात पैसे होते. पावतीवरच्या माझ्याच ओळीने ते बांधून ठेवले होते, आणि ती ओळ बदलण्यासाठी देणगीदारांपुढे जाऊन खरे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

ऐन उन्हाळ्यात, लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये, तो काँप्रेसर रात्री कधीतरी थांबला. पाच अंश सेल्सिअसच्या वर गेले की नाशिवंत अन्नात जिवाणू झपाट्याने वाढू लागतात, आणि सकाळी आम्ही दार उघडले तेव्हा तापमापकाचा काटा त्याच्या फार पुढे गेला होता. दूध, चिरलेल्या भाज्या, आदल्या दिवशी आलेले शिजवलेले अन्न, सगळे टाकावे लागले. त्या दिवशी अकरा वाटप केंद्रांना आम्ही अर्धा माल पाठवला. भांडारपाल मला एक शब्द बोलले नाहीत. माझ्या शेजारी उभे राहून क्रेट उचलत राहिले. पुढे काही महिन्यांनी ते काम सोडून गेले. मी त्यांची क्षमा मागितली नाही. आज मागायची म्हटले तर ते हयात नाहीत.

तेव्हापासून मी एका शब्दाला धरून बसले आहे: नेम. भूक नेमाने लागते. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या रकमेचा आणि तिचा मेळ बसत नाही. शंभर जणांनी दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, कोणतीही अट न घालता दिलेली लहान रक्कम ही अन्नपेढीसाठी तुझ्या त्या भव्य दौडीपेक्षा मोठी आहे, कारण तिच्या भरवशावर गाडीचा करार करता येतो, भांडारपालाला पगार देता येतो आणि काँप्रेसर बंद पडण्याआधी बदलता येतो. आपण ‘पेढी’ हा शब्द वापरतो तो विचार करून वापरावा. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी सुरू केली, तेव्हा त्यांच्यासमोर बँकेचीच कल्पना होती: ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जमा करावे, ज्याला नड आहे त्याने काढावे. पेढीची पत कशावर असते? तिचे दार रोज ठरल्या वेळी उघडते यावर. प्रादेशिक अन्नपेढी सहसा स्वतः लोकांना अन्न वाटत नाही. ती लहान केंद्रांना, सामुदायिक स्वयंपाकघरांना, निवाऱ्यांना माल पुरवते. तिचा एक आठवडा चुकला की त्या सगळ्यांची दारे एकदम बंद राहतात, आणि त्या दारांशी उभी असलेली माणसे पुढच्या वेळी यायचे की नाही याचा विचार करू लागतात.

वस्तू मागताना काही वाटत नाही, पैसे मागताना घसा कोरडा पडतो, असे तू लिहिले आहेस. मला हे समजते, माझाही पडायचा. तरी मागावे लागतील. समोर बसून मागावेत, रक्कम स्पष्ट सांगावी, दर महिन्याची सांगावी, आणि सांगून झाल्यावर गप्प राहावे. ती शांतता सहन न होऊन आपणच ‘जमेल तेवढे द्या, नाही जमले तरी चालेल’ असे म्हणून टाकतो आणि देऊ पाहणाऱ्याला पळवाट दाखवतो. पावती त्याच दिवशी द्यावी. दर तीन महिन्यांनी हिशेब पाठवावा आणि त्यात इंधन, वीज, पगार हे सगळे उघड लिहावे; किती किलो माल टाकून द्यावा लागला आणि का, हेसुद्धा लिहावे. आस्थापना खर्च लपवणारी संस्था शेवटी माझ्या त्या पावतीच्या ओळीपाशी येऊन अडकते. पहिल्यांदा देणारे पुष्कळ असतात आणि त्यातले बरेच पुन्हा दिसत नाहीत, कारण पहिल्या देणगीनंतर त्यांच्याकडे कोणी फिरकतच नाही. म्हणून दुसऱ्यांदा जाणे महत्त्वाचे. तिसऱ्यांदाही.

स्वयंसेवकांचेही तेच. तेच ते काम करून तुझ्या मित्रमैत्रिणींना कंटाळा येतो, असे तू लिहिलेस, आणि ते वाचून मी पत्र खाली ठेवले. कंटाळा येणारच. पाकिटावरच्या तारखा वाचणे, खोकी रचणे, फरशी पुसणे यात दर आठवड्याला नवीन काय घडणार? सणासुदीला गोदामात उभे राहायला जागा नसते, इतके लोक येतात. नंतरचे महिने सुने जातात. शाळांना मोठी सुट्टी लागते तेव्हा शाळेत जेवणाऱ्या मुलांचे ते जेवण थांबते, घरांची नड वाढते, आणि नेमके त्याच आठवड्यांत स्वयंसेवक आणि देणगीदार दोघेही गावाला गेलेले असतात. एकदाच येणाऱ्या माणसाला काम शिकवण्यात जुन्या माणसाचा तास जातो, आणि शिकलेला तो पुन्हा येत नाही. मला चाळीस जण नकोत. दर मंगळवारी येणारे सहा जण दे, आणि त्यातल्या प्रत्येकाला न जमल्यास कोण येईल त्याचे नाव आधीच लिहून ठेव.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण तो तुझ्या कानावर दुसऱ्या कोणाकडून कधी तरी जाईलच. एका देणगीदाराने आम्हाला फार मोठी रक्कम देऊ केली होती. वाटप एकाच दिवशी, एकाच ठिकाणी व्हावे आणि घेणाऱ्यांची त्याच्यासोबत छायाचित्रे काढली जावीत, अशी त्याची अट होती. मी नकार दिला. समितीत मतदान झाले आणि एका मताने माझे म्हणणे टिकले. त्या वर्षी आम्हाला तीन महिने केंद्रांचा वाटा कमी करावा लागला. तुझा हट्ट दुसऱ्यांच्या ताटातून वसूल झाला, असे माझ्या तोंडावर सांगणारे सहकारी होते, आणि त्यांतले काही अजूनही तसेच म्हणतात. त्यांचे म्हणणे मी अनेक रात्री मनात उलटसुलट केले आहे. त्या तीन महिन्यांत कोणी अर्धपोटी राहिले असेल, आणि त्याला माझे एक मत कारण झाले असेल. हे मी नाकारत नाही. तरीही आज तीच अट समोर आली तर मी तेच मत देईन. जी बाई दर आठवड्याला मान वर करून केंद्रावर येते, ती एकदा छायाचित्रात आली की पुढच्या आठवड्यात येत नाही. तिची मुले शाळेत जातात, शेजारी वर्तमानपत्र वाचतात. नेम आपण देणाऱ्यांकडून मागतो तसा तो घेणाऱ्यालाही पाळता आला पाहिजे, आणि त्या एका दिवसाने तो मोडला असता. माझ्या सहकाऱ्यांना हे पटले नाही. तुला पटावे अशी माझी फार इच्छा आहे, हे मी लपवत नाही.

दौडीबद्दल. काढायचीच असेल तर काढ. मी अडवणार नाही. पण धावून आलेल्या प्रत्येकासमोर पाण्याच्या पेल्याबरोबर मासिक देणगीचा अर्ज ठेव, त्यावर ‘केवळ अन्नासाठी’ असे चुकूनही छापू नकोस, आणि दौडीनंतरच्या महिन्यात त्या अर्जांमागे फिरायला कोण तयार आहे ते आधी ठरव. असे कोणी नसेल तर दौड काढू नकोस.

त्याआधी येत्या मंगळवारी गोदामात जा. भांडारप्रमुखांना तुमच्या ढिगातले किती टाकावे लागले ते विचार आणि सांगतील तो आकडा वहीत लिहून घे. शीतगृहाच्या दुरुस्तीला किती खर्च येईल, ते मला लगेच कळव. आणि मंगळवारी तुझ्याबरोबर किती जण आले तेही लिही. येतो म्हणालेल्यांची संख्या नको, आलेल्यांची लिही.

तुझी,
काकू