नारुतो आवडतं, पण त्यात खटकण्यासारखं काय आहे?

विरार लोकलमध्ये कॉलेजला जाता-येता नारुतो या निन्जांवरच्या जपानी अ‍ॅनिमेचे 220 आणि त्याच्या पुढच्या सिरीजचे, म्हणजे शिप्पुडेनचे, 500 एपिसोड बघून काढलेत, काही तर दोन-दोनदा, त्यामुळे जे सांगतोय ते प्रेमापोटीच.

फिलरबद्दल, म्हणजे मूळ मांगात (कॉमिकमध्ये) नसलेल्या, मधेच घुसवलेल्या एपिसोडबद्दल, सगळेच बोलतात. पहिल्या सिरीजमध्ये 135 नंतर जवळजवळ शेवटपर्यंत फिलरच आहे, सरळ स्किप करा.

मला लागतं ते वेगळंच. चुनिन परीक्षेत (निन्जांची वरच्या दर्जासाठीची परीक्षा) रॉक ली गाराशी लढताना पायातली वजनं काढून खाली सोडतो ना, जमीन फुटते, धुरळा उडतो, आणि ज्याला निन्जुत्सु, म्हणजे निन्जांची जादूसारखी तंत्रं, अजिबात जमत नाहीत असा पोरगा निव्वळ मेहनतीवर समोर उभा असतो, तो सीन बघताना माझ्या अंगावर काटा आला होता, बोरिवली कधी गेलं कळलंच नाही. मग त्याच परीक्षेत नेजी नावाचा हुशार निन्जा म्हणतो नशीब जन्मतःच ठरलेलं असतं, आणि नारुतो त्याला हरवून दाखवतो की तसं काही नसतं. अख्खी गोष्ट ह्यावर उभी आहे यार! आणि पुढे काय निघतं, तर नारुतो चौथ्या होकागेचा (गावाच्या प्रमुखाचा) मुलगा, वर आशुरा नावाच्या प्राचीन वीराचा पुनर्जन्म. म्हणजे नेजीचंच बरोबर ठरलं की. आणि त्या नेजीलाच युद्धात मारून टाकलं, नीट रडायलाही वेळ दिला नाही.

कागुयाचं पण तेच, मदाराला मुख्य व्हिलन म्हणून इतकं उभं केलं आणि ऐनवेळी जिच्याशी आपलं काहीच नातं नाही अशी कोणीतरी शेवटची व्हिलन.

नेजी-लीच्या टीममधल्या तेनतेनला तर धड एक फाईटसुद्धा दिली नाही, चुनिन परीक्षेतल्या तेमारीबरोबरच्या तिच्या मॅचचा मांगात तर फक्त शेवट दाखवलाय.